खडकाचं सोंग, पाण्याचं मूळ

बंगल्यामागे खणलेला तलाव डोंगरातल्या डोहासारखा दिसावा, ही हौस ज्या यंत्रामुळे पुरी होऊ लागली, ते यंत्र तलावांसाठी बनलेलंच नव्हतं. ते बनवलं कार्ल एकली नावाच्या अमेरिकन माणसाने, आणि त्याचा व्यवसाय होता मेलेली जनावरं संग्रहालयात जिवंत वाटतील अशी उभी करण्याचा. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. मुळशी, पानशेत, कामशेत या पट्ट्यातल्या फार्महाउसांच्या बागा आणि तलाव हे माझं रोजचं काम. साइटवर गनायटिंगचा, म्हणजे सिमेंट फवारण्याचा, पाइप सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, सिमेंटचा धुरळा केसांत जाऊन बसतो, आणि मला एकली आठवतो. या धंद्याचं सगळं बरंवाईट त्याच्या कामात आधीच दिसतं, असं मला वाटत आलं आहे.

त्याच्या आधी जनावराच्या कातड्यात पेंढा कोंबायचे आणि टाके घालायचे. एकली आधी हाडांच्या मापाने शरीर घडवायचा, त्यावर एकेक स्नायू उठवायचा आणि मग कातडं चढवायचा. १८८५ मध्ये रेल्वेच्या धडकेत मेलेला बार्नमच्या सर्कशीतला जम्बो हत्ती उभा करण्यात त्याचा हात होता. १८९० मध्ये मिलवॉकीच्या संग्रहालयात त्याने मस्करॅट या पाणथळीतल्या प्राण्याचं घरदार काचेमागे मांडलं. तळ्याचा काठ, गवत, बीळ, मागे रंगवलेला देखावा. पुढे तो शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आला. हे संग्रहालय १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातून मागे राहिलेल्या इमारतीत होतं आणि तिचा गिलावा ढलप्या ढलप्यांनी सुटत होता. १९०७ मध्ये तिच्या डागडुजीचा विषय निघाला, तेव्हा एकलीने आपल्या कामातली प्लॅस्टर फवारायची युक्ती मोठी केली. कोरडी वाळू आणि सिमेंट दाबाच्या हवेने नळीतून ढकलायचं, नळीच्या तोंडाशी पाणी मिसळायचं आणि ते मिश्रण भिंतीवर जोराने मारायचं. आदळण्याच्या जोरानेच ते घट्ट बसतं. १९११ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि थोड्याच काळात गनाइट हे नाव रूढ झालं.

एकली १९२६ मध्ये काँगोत, गोरिलांच्या डोंगरात वारला. त्या गोरिलांसाठी जंगल राखून ठेवा, असा आग्रह त्याने बेल्जियमच्या राजाकडे धरला होता आणि वर्षभर आधी, १९२५ मध्ये, ते राखलंही गेलं. खोटं रान इतकं हुबेहूब मांडणाऱ्या माणसाला खऱ्या रानाची चिंता लागून राहिली होती. त्याच्या यंत्रावर उभ्या राहिलेल्या आमच्या धंद्याने त्याच्याकडून यंत्र तेवढं घेतलं, चिंता घेतली नाही. माझी तक्रार आहे ती हीच.

खाणी, बोगदे, धरणांची दुरुस्ती असा प्रवास करत गनाइट १९४० च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या घरांच्या परसात पोचलं. तोवर तलाव म्हणजे काँक्रीटच्या चार उभ्या भिंती. शटरिंग उभं करायचं, सळई बांधायची, काँक्रीट ओतायचं, फळ्या काढायच्या. सरळ फळीत सरळ भिंत निघते. वळण हवं तर सुतार जास्त, लाकूड जास्त, दिवस जास्त. म्हणून गोलाईचा तलाव ही सिनेनटांची आणि गिरणीमालकांची चैन होती. गनाइटला आतल्या बाजूचं शटरिंग लागत नाही. हवा तसा खड्डा खणायचा, त्याच्या अंगाला लागून सळईची जाळी वाकवायची आणि फवारायचं. माती हाच साचा. वळण आणि सरळ रेघ यांचा भाव एक झाला. युद्ध संपलं, नवी उपनगरं वसली, मागे अंगण असलेली घरं हजारोंनी उठली, आणि मध्यमवर्गीय माणसाच्या परसात वळणदार तलाव आला.

या काळातला एक तलाव असा आहे की त्याचे फोटो आमच्या पेशातल्या प्रत्येकाने शिकताना पाहिलेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, सोनोमात, डोनेल गार्डन म्हणून ओळखली जाणारी बाग. वर्ष १९४८. रचना थॉमस चर्चची. लॉरेन्स हॅल्प्रिन तेव्हा तरुण होता आणि चर्चच्या कचेरीत काम करत होता, त्याचाही यात मोठा वाटा. टेकडीचा माथा, जुने ओक वृक्ष, खाली खाडीकाठची खारफुटीविना पसरलेली दलदल आणि तिच्यातून नागमोडी गेलेले पाण्याचे ओहोळ. तलावाची कड त्या ओहोळांसारखी वळते. काठावर उभं राहिलं की नजर जवळच्या पाण्यावरून अलगद लांबच्या पाण्यावर जाते. त्या आकाराचं श्रेय कोणी दलदलीला देतं, कोणी त्या काळच्या चित्रकलेला, तर कोणी आल्वार आल्टोला. चर्च १९३७ मध्ये फिनलंडला जाऊन आल्टोला भेटला होता, आणि आल्टोच्या व्हिला मैरेआ या १९३९ मध्ये पुऱ्या झालेल्या घराच्या अंगणातही असाच वळणदार तलाव आहे. मला हा वाद सोडवायची गरज वाटत नाही. आकार कुठूनही आलेला असो, तो त्या टेकडीवर बसला, कारण आखणाऱ्यांनी टेकडी नीट पाहिली होती.

या बागेत काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. खोटा खडक नाही, खोटा धबधबा नाही. लाकडी डेक ओकच्या बुंध्यांभोवती भोकं ठेवून घातलेला आहे, झाडं आहेत तिथेच राहिली. पाण्याच्या मधोमध अ‍ॅडलाइन केंट या शिल्पकर्तीने घडवलेलं पांढरं शिल्प आहे. त्यावर चढता येतं, त्याच्या पोटातल्या भोकातून पोहत आरपार जाता येतं. ते मी खडक आहे असं सांगत नाही. काँक्रीट काँक्रीटच दिसतं, आणि तरीही सगळी जागा त्या टेकडीची वाटते.

हॅल्प्रिनने पुढे हाच धागा धरला. सिएरा नेवाडाच्या डोंगरात तो वह्या घेऊन हिंडायचा, ओढ्याचं पाणी कुठे पसरतं, कुठे आक्रसतं, दगडावरून उतरताना त्याचा पडदा कुठे फाटतो, हे चितारत बसायचा. पोर्टलँड शहरातला त्याचा लव्हजॉय कारंज्याचा चौक १९६६ चा. त्यात डोंगरी ओढा आहे, पण तो काँक्रीटच्या कोनदार पायऱ्यांचा. पाण्याची चाल ओढ्याची, काठ कारागिराचा. धबधबा बांधताना पाण्याला काय करायचं आहे ते आधी समजून घ्यावं, दगड नंतर लावावा, हे मी त्याच्याकडून शिकले.

पण बाजाराने त्या दोघांचा मार्ग घेतला नाही. त्याने पुलहॅमचा घेतला.

जेम्स पुलहॅम हे इंग्लंडातल्या हर्टफर्डशायरमधल्या कारागिरांच्या घराण्यातलं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं नाव. त्यातला दुसरा जेम्स, १८२० ते १८९८, हा खोट्या खडकाच्या धंद्याचा खरा मूळपुरुष. व्हिक्टोरियन श्रीमंतांना नेच्यांचं वेड लागलं होतं. नेचा हवा तर ओल्या कपारी हव्यात, आणि सपाट मातीच्या मुलखात खडक गाडीने आणायचा म्हणजे खर्च अफाट. पुलहॅमची माणसं विटा आणि भट्टीतल्या खंगराचा गाभा रचायची, त्यावर रंग मिसळलेल्या सिमेंटचा जाड लेप द्यायची आणि तो ओला असतानाच त्यात भेगा, थर, झिजलेल्या कडा काढायची. या मालाला पुलहॅमाइट म्हणत. लंडनच्या बॅटरसी पार्कमधला धबधबा त्यांचा. राजघराण्याच्या सँड्रिंगहॅममध्येही त्यांचं काम आहे. उत्तम पुलहॅमाइट ओळखण्याची खूण म्हणजे त्याचे थर. खडकाचे थर एका दिशेने कललेले असतात आणि मधला भाग मातीखाली गेला तरी पुढे पुन्हा त्याच कलाने वर येतात. पुलहॅमच्या चांगल्या कारागिरांना हे कळत होतं. मातीखालून खडक अखंड असावा, अशी त्यांची रचना असे.

त्याच काळात पॅरिसमध्ये जुन्या दगडखाणीच्या जागी ब्यूत-शोमों ही बाग तयार झाली. १८६७ मध्ये ती लोकांना खुली झाली. तिच्या गुहेत पंपांनी चढवलेलं पाणी कोसळतं आणि छताला सिमेंटचे लवणस्तंभ लोंबतात. मग १९०७ मध्ये, म्हणजे एकली शिकागोत आपल्या नळीशी झटत होता त्याच वर्षी, हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने गजाआड प्राणी ठेवण्याऐवजी खंदक आणि कृत्रिम कडे असलेलं प्राणिसंग्रहालय उघडलं. १९५९ मध्ये डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न पर्वत उभा राहिला. प्राणिसंग्रहालयं आणि करमणुकीच्या बागा यांनी खडक बनवणाऱ्या कारागिरांची फौजच तयार केली. जाळी वाकवा, फवारा, ओल्यावर थापी आणि ब्रश चालवा, चुरगळलेला कागद दाबून सुरकुत्या उठवा, वर पातळ रंगाचे हात द्या. नाहीतर खऱ्या खडकावर रबराचा लेप देऊन साचा काढा आणि त्यात पातळ कवच ओता. आमच्याकडे त्याला जीआरसी रॉक म्हणतात. हे हात आणि हे साचे हॉटेलांच्या तलावांकडे वळले, तिथून घरांकडे. आता जगात कुठेही तलाव काढा, एका कोपऱ्यात गोल गोट्यांची रास, तिच्यातून पाण्याचा पडदा, आणि पडद्यामागे दिवा.

त्या राशीच्या वरच्या अंगाला सहसा एक छोटं गरम पाण्याचं कुंड असतं, ज्याला आपण सरसकट जकूझी म्हणतो. हे एका घराण्याचं आडनाव. इटलीतल्या फ्रिउली भागातून आलेले हे भाऊ कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत विमानांचे पंखे बनवत. १९२१ मध्ये त्यांचं विमान कोसळलं, त्यात एक भाऊ गेला, आणि घराने विमानं सोडली. मग ते पंपांकडे वळले. विहिरीतलं खोल पाणी उपसणारा त्यांचा जेट पंप १९२६ चा. आपल्याकडे बोअरवर जेट पंप बसवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचं तत्त्व शिकवावं लागत नाही. पाणी अरुंद तोंडातून वेगाने सोडलं की तिथला दाब उतरतो आणि शेजारचं पाणी ओढलं जातं. १९४० च्या दशकात याच घरातल्या एका लहान मुलाला संधिवाताने धरलं. रुग्णालयात ढवळत्या पाण्यात बसवलं की त्याला आराम पडायचा. तो आराम घरी रोज मिळावा म्हणून कँडिडो जकूझीने टबात सोडता येईल असा पंप बनवला. १९५६ मध्ये तो विक्रीला आला. १९६८ मध्ये पुढच्या पिढीतल्या रॉय जकूझीने टबाच्या भिंतीतच जेट बसवले. तोंड अरुंद तेच, फक्त पाण्याऐवजी हवा ओढली जाते आणि बुडबुडे उठतात. एका आजारी पोराच्या सांध्यांसाठी आणि कोरड्या मळ्यांसाठी काढलेलं तंत्र आहे हे. मला त्याच्याविषयी आदर आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी कोणी कुंड मागितलं तर मी ते मनापासून आखते.

आता आपल्याकडचं. घरमालक फोनवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "मॅडम, एकदम नॅचरल वाटलं पाहिजे." फोटोत पिवळसर वालुकाश्म असतो, गोलगोल शिळा असतात. आणि हे सांगणारे उभे असतात सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून आपला डोंगर झाला. म्हणून आपले कडे आडव्या पट्ट्यांचे, आपला धबधबा टप्प्याटप्प्याने उतरणारा. कठीण थराची कड पुढे येते, खालचा मऊ थर आत झिजतो आणि पाणी खडकाला न शिवता खाली पडतं. या मुलखात पिवळ्या गोट्यांची रास परकी दिसते, मग तिच्यावर कितीही झाडं लावा.

पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या कातळात रांजण कोरले. काहींत माणूस सहज उभा राहील. नव्या कामाआधी मी आमच्या मिस्त्रींना तिथे घेऊन जाते. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते एका खळग्याच्या ओठावरून कितीतरी वेळ तळहात फिरवत होते. मग म्हणाले, "ताई, धार कुठंच नाही, पण गोल पण नाही." मी आखलेल्या कुठल्याही ड्रॉइंगमध्ये ते इतकं नेमकं आलेलं नव्हतं. त्यानंतर आम्ही कुंडाची कड पट्टी लावून गोल करणं सोडलं. जवळच्या खाणीतला काळा दगड आडव्या थरांनी रचतो, कड हाताने फोडतो, आणि गनाइट जिथे आहे तिथे ते राखाडी राहू देतो. गोव्यात काम आलं तेव्हा तिथला जांभा घेतला. चिऱ्याच्या खाणीत साचलेलं पावसाचं पाणी ज्याने पाहिलं आहे, त्याला तिथे तलाव कसा दिसावा हे वेगळं सांगायला नको.

खडकापेक्षा मोठी गोष्ट पाण्याची. कॅलिफोर्नियातल्या त्या निळ्या परसांचं पाणी तिथलं नव्हतं. विल्यम मुलहोलँडने बांधलेला, ओवेन्स खोऱ्यातून लॉस एंजेलिसला येणारा २३३ मैलांचा कालवा १९१३ मध्ये सुरू झाला. काही वर्षांतच ओवेन्स सरोवर कोरडं पडलं. १९२४ च्या मे महिन्यात खोऱ्यातल्या लोकांनी कालव्याला सुरुंग लावला, आणि नोव्हेंबरमध्ये त्याचे दरवाजे ताब्यात घेऊन चार दिवस पाणी खोऱ्यातच सोडलं. १९४१ पासून आणखी उत्तरेकडच्या मोनो सरोवराचे ओढे वळवले गेले. १९८२ पर्यंत त्याची पातळी सुमारे ४५ फूट उतरली. मधलं एक बेट काठाला जोडलं गेलं आणि कोल्ह्याच्या जातीतले कोयोटी चालत जाऊन कुरव पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत पोचले. शहराची तहान एकट्या तलावांची नव्हती, हे मान्य. पण ज्या घराच्या मागे बनावट डोंगरी ओढा वाहत होता, त्या घराच्या नळाला एक खरा डोंगरी ओढा जोडलेला होता.

१९७६-७७ मध्ये अवर्षण पडलं तेव्हा कितीतरी तलाव रिकामे झाले. सांता मोनिका-व्हेनिसची पोरं कुंपणावरून उड्या मारून त्यांत उतरली आणि स्केटबोर्ड चालवू लागली. गनाइटच्या तलावात तळ आणि भिंत यांचा सांधा गोल असतो, त्यामुळे चाक न अडखळता भिंतीवर चढतं. उभ्या भिंतीवरचं स्केटिंग तिथे वयात आलं. मोनोच्या बाजूने १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि १९९४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने सरोवराची पातळी वर आणण्याचा आदेश काढला.

मुळशीत काम करणाऱ्या मराठी माणसाला ही हकिगत ओळखीची वाटणारच. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी मावळ्यांना बरोबर घेऊन टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालं. मावळातली भातखाचरं बुडाली, पाणी पश्चिमेला कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे उतरलं. ज्या जलाशयाच्या देखाव्यासाठी आज तिथल्या प्लॉटला भाव येतो, त्याच्या तळाशी गावं आहेत. म्हणून मी मालकांना पहिला प्रश्न पाण्याचा विचारते. बोअर किती खोल गेली, खालच्या वाडीची विहीर मार्चमध्ये कुठवर येते, मे महिन्यात टँकर कुठून येईल. काहींना हा प्रश्न आवडत नाही आणि ते काम दुसरीकडे देतात. देऊ देत.

सध्या तिथल्या एका घराचं काम हातात आहे. मालक नवराबायको ऐकणारे आहेत. मूळ मागणी होती मोठ्या तलावाची आणि दिवसभर चालणाऱ्या धबधब्याची. मी त्यांच्यासमोर वहीत मांडून दाखवलं. आठ बाय चार मीटरचा तलाव म्हणजे ३२ चौरस मीटर पाणी उघडं. पाऊस थांबल्यापासून मेअखेरपर्यंत सरासरी रोज सहा मिलिमीटर उडालं तरी साधारण ४०,००० लिटर आकाशात जातात. पाणी सतत पडतं ठेवलं तर त्याहून जास्त. उलट घराचं छप्पर २०० चौरस मीटरचं आहे, आणि त्यावर नुसता दोन मीटर पाऊस धरला तरी चार लाख लिटर पाणी येतं. म्हणजे साठवायला जागा असेल तर बोअरला हात लावायची गरज नाही. धबधबा गेला. त्याऐवजी काळ्या दगडाचे तीन आडवे टप्पे येतील आणि पाणी त्यांवरून फक्त संध्याकाळी वाहील. एका बाजूला खडीत लावलेल्या पाणवनस्पतींचा वाफा असेल. ऑस्ट्रियात १९८० च्या दशकापासून असे क्लोरीनविना तलाव बांधतात. वाफ्याला जागा बरीच लागते, म्हणून पोहण्याचा भाग आणखी आखडला.

टाकी ४५,००० लिटरची. कंत्राटदाराचं म्हणणं होतं की ती डेकखाली लपवावी, तशीच पद्धत आहे. मी ती फाटकाजवळ, जमिनीवर, त्याच काळ्या दगडात घेतली आहे, आणि पातळी दाखवणारी पट्टी बाहेरच्या अंगाला कोरायला सांगितली आहे, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाला कळेल की या घरात किती पाणी उरलं आहे. दगड निवडून झाला आहे. भात कापून झाला की खोदाई सुरू होईल.